उजेडाची वाटणी

कोल्हापुरातल्या जुन्या तालमीत सकाळी शिरलं की डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. जाड भिंती, उंचावरच्या दोन-तीन खिडक्या, छताखाली एखादी ट्यूब आणि मधोमध ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीचा हौदा. ही माती उजेड परत देत नाही, पिऊन टाकते. मातीनं माखलेली अंगंही फारसा देत नाहीत. या अंधारीत दोन पोरं खडाखडी करत असतात. मध्येच एकजण पट काढायला खाली झेपावतो आणि बघणाऱ्याला कळेपर्यंत डाव होऊन गेलेला असतो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं कुस्तीवेड्यांना तोंडपाठ आहेत. कोल्हापूर म्हणून बाहेरगावी जी चित्रं छापली जातात, त्यांतली बरीच असल्याच हौद्यावरची असतात: मातीत रुतलेली टाच, ताणलेली मान, हवेत उडालेली ढेकळं. काढायला सर्वांत अवघड चित्रंही हीच. इथे उजेड कमी आणि वेग जास्त आहे. कॅमेऱ्याला नेमकं याच्या उलट हवं असतं.

या अंकासाठी संपादकांनी ‘उजेड’ हा विषय सुचवला. उजेड जिथे मुबलक असतो तिथे त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तो तुटपुंजा असला की प्रत्येक थेंब कुठे गेला ते दिसायला लागतं. कोल्हापूर त्या दृष्टीनं फार बोलकं गाव आहे. या गावाची ओळख ठरलेली दृश्यं, म्हणजे तालीम, खासबाग, जोतिबाची चैत्र यात्रा, अंबाबाईचा किरणोत्सव, छायाचित्रकाराला सोयीचा उजेड सहसा देत नाहीत. तिथे शटर आणि अ‍ॅपर्चर यांच्यात निवड करावीच लागते. ही निवड तांत्रिक वाटते, पण आपण बघणाऱ्याला काय सांगणार आहोत हे तिच्यातच ठरतं, असं मला वाटतं. कॅमेरा चालवणाऱ्यानं ती केली नाही तर यंत्र करतं. निवड टळत नाही.

सारख्याच उजेडाच्या अनेक जोड्या

आधी यंत्राचं बोलू. लेन्सच्या पोटात पात्यांचं एक कडं असतं. ते कमी-जास्त मिटतं, तसं मधलं भोक लहान-मोठं होतं. हे अ‍ॅपर्चर. त्याचे आकडे नवशिक्याला उलटे वाटतात, कारण आकडा वाढतो तसं भोक लहान होतं. कारण साधं आहे: लेन्सच्या फोकल लांबीला भोकाच्या रुंदीनं भागलं की हा आकडा येतो. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे पंचवीस मिलिमीटरचं भोक, एफ/१६ म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या क्रमातल्या प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. या पायरीला छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात. शटर म्हणजे ते भोक किती वेळ उघडं राहणार याचा ताबा. १/१२५ चा १/२५० केला की तिथेही उजेड निम्मा होतो.

रोलच्या जमान्यात खोक्यावर छापलेला एक नियम सगळ्यांना पाठ असे. भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवायचं आणि फिल्मचा जो आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याचा वेग, असेल जवळपास तितकाच शटर. शंभर आयएसओला १/१२५. आता भोक एका पायरीनं मोठं करून शटर एका पायरीनं जलद केला तर आत येणारा एकूण उजेड तेवढाच राहतो. म्हणजे एफ/११ ला १/२५०, एफ/८ ला १/५००, एफ/५.६ ला १/१०००, आणि असंच सरकत एफ/२.८ ला १/४०००. सगळ्या जोड्यांचा उजळपणा अगदी सारखा. उजेड मोजणाऱ्या मीटरला त्यांत काहीच फरक दिसत नाही.

बघणाऱ्याला मात्र दिसतो. मोठ्या भोकातून आलेली किरणं फोकसच्या थोडं पुढे-मागे असलेल्या वस्तूंवर चटकन पसरट होतात, म्हणून एक पातळ थर स्पष्ट राहतो आणि बाकीचं विरघळतं. भोक लहान केलं की तो थर जाड होतो. शटरचं काम काळाच्या बाबतीत तसंच आहे: तो उघडा असेतो जे सरकलं ते चित्रावर पुसट पट्टा सोडतं. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे आत आलेला एकूण उजेड, ‘बरोबर’ आलं एवढ्यावर चित्राबद्दल काहीच सिद्ध होत नाही. बरोबर एक्स्पोजरची पाच-सहा चित्रं निघतात, आणि प्रत्येकात काळाची जाडी वेगळी, जागेची जाडी वेगळी असते.

उन्हात सहा जोड्यांतून हवी ती उचलता येते. तालमीत हे स्वातंत्र्य संपतं. हौद्यावरचा उजेड भर उन्हाच्या पाचशेव्या भागाइतका, म्हणजे नऊ स्टॉपनं कमी असणं अगदी शक्य असतं. शंभर आयएसओवर एफ/२.८ इतकं मोठं भोक उघडूनही शटर १/८ वर येतो. झेपावणाऱ्या पैलवानाचा हात सेकंदाला पाच मीटर वेगानं जातो असं धरलं, तर १/८ सेकंदात तो साठ सेंटिमीटर सरकेल. चित्रात हात उरणारच नाही, तांबूस धूर उरेल. आयएसओ ३२०० वर नेला की शटर १/२५० होतो आणि हाताचं सरकणं दोन सेंटिमीटरवर येतं. बोटं अजून थोडी हललेली, पण चेहरा जाग्यावर. तालमीतला सगळा व्यवहार या दोन सेंटिमीटरभोवती चालतो. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन इथे कामी येत नाही. ते फोटो काढणाऱ्याच्या हाताचा कंप सावरतं, समोरचा पैलवान त्याला थांबवता येत नाही. महागडा कॅमेरा घेऊनही ‘फोटो हललाच’ म्हणणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथला असतो.

बाबूराव पेंटरांच्या हाती काय होतं

ज्या गावात कॅमेरा विकत मिळत नव्हता म्हणून तो तयार केला गेला, त्या गावात या हिशेबाला जुनी मुळं आहेत. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे आणि त्यावरूनच पेंटर म्हणून ओळखले गेले. सिनेमानं दोघांनाही झपाटलं. स्वतःचा कॅमेरा बनवण्याची खटपट चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीनं १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. खरी कॉर्नरला उभा असलेला कॅमेऱ्याचा मानस्तंभ त्या कामाची आठवण आहे.

त्या पिढीच्या चलत्‌चित्र कॅमेऱ्याला हाताची मूठ असे. सेकंदाला दोन फेरे, दर फेऱ्याला आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला सोळा. लेन्सच्या मागे एक चकती फिरे आणि तिच्या कापलेल्या भागातून उजेड आत जाई. चकती अर्धी कापलेली धरली तर प्रत्येक चौकटीला मिळणारा वेळ सेकंदाचा बत्तिसावा भाग. हा आकडा फार बदलता येत नसे. मूठ जोरात फिरवली तर पडद्यावर माणसं मंद चालत, हळू फिरवली तर धावत सुटत. म्हणजे स्थिर छायाचित्रकाराकडे असलेल्या दोन किल्ल्यांपैकी एक सिनेमावाल्याकडे नव्हतीच. त्याला शटर जवळपास ठरलेला मिळे आणि सगळं शहाणपण अ‍ॅपर्चर आणि समोरचा उजेड यांत खर्चावं लागे.

हे ध्यानात घेतलं की बाबूरावांच्या दोन प्रसिद्ध गोष्टी एकमेकींना जोडलेल्या दिसतात. पडदे रंगवून मोठा झालेला हा माणूस सिनेमात मात्र रंगवलेले पडदे टाकून खरे, घन सेट उभारू लागला. आणि १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यानं कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीचे प्रसंग घेतले. भारतीय चित्रपटात असं प्रथमच घडलं असं मानलं जातं. चित्रपटाच्या इतिहासात ही दोन कामगिऱ्या म्हणून वेगवेगळी नोंदली जातात. माझ्या मते त्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. सपाट पडद्यासमोर नट उभा केला तर फोकसचा थर पातळ असून भागतं, कारण मागची वाडा-माडी मुळातच सपाट आहे आणि तिला थोडी धूसर होऊ दिली तरी बिघडत नाही. खांब, जिने, कमानी असलेला खरा सेट बांधला की त्याची खोली दिसायला हवी. खोली दिसायला भोक लहान हवं. भोक लहान केलं, शटर तर ठरलेला, तर राहिलेला एकच मार्ग म्हणजे जास्त उजेड. त्या काळची फिल्म मंद होती, लाल रंगाला जवळपास आंधळी होती. खोलीची हौस दिव्यांवर नेऊन सोडणारच होती.

पुढे १९२९ मध्ये बाबूरावांच्याच तालमीतून बाहेर पडलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात प्रभात काढली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ बोलपट झाला तेव्हा आवाजासाठी सेकंदाला चोवीस चौकटी अनिवार्य झाल्या. त्याच अर्धवर्तुळाला आता १/४८ सेकंद. प्रत्येक चौकटीचा उजेड एक तृतीयांशानं घटला, आणि आवाज आल्याची किंमत छायाचित्रणाला दिव्यांच्या रूपात मोजावी लागली. आज पुरस्कारांच्या यादीत ज्याला ‘प्रकाशयोजना’ म्हणतात तिच्यात सौंदर्यदृष्टी आहेच, पण तिच्या मुळाशी हा रोकडा व्यवहार आहे.

आणखी एक गोष्ट या बत्तिसाव्या भागातून कळते. ‘सैरंध्री’तला कीचकवध पाहून प्रेक्षक हादरले होते असं सांगतात. त्या मारामारीची एकेक चौकट सुटी काढून पाहिली तर हातपाय पुसट दिसावेत, कारण १/३२ सेकंदात जोरदार हात बराच सरकतो. तरीही पडद्यावर ती झुंज जिवंत वाटते, आणि वाटते ती त्या पुसटपणामुळेच. आजही सिनेमावाले अर्धवर्तुळाचा नियम सोडत नाहीत. शटर फार जलद केला की प्रत्येक चौकट काचेसारखी स्वच्छ येते आणि हालचाल तुटक भासते. स्पष्टता आणि खरेपणा ही एकच गोष्ट आहे हा समज इथेच ढासळतो.

खासबागेतले चाळीस सेंटिमीटर

राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खासबाग मैदान १९१२ चं. वाटोळं, खोलगट, मध्ये आखाडा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बसायची जागा. शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी ही योजना. कॅमेऱ्यासाठी मात्र अंतर पडतं, म्हणून इथे बातमीदारांच्या हातात सत्तर-दोनशेची लेन्स दिसते. उन्हं उतरायच्या वेळेला मोठ्या कुस्त्या लागतात आणि नेमका तेव्हाच उजेड गळायला लागतो.

दहा मीटरवरून दोनशे मिलिमीटरवर एफ/२.८ ठेवलं, तर पूर्ण आकाराच्या सेन्सरवर स्पष्ट दिसणारा थर साधारण चाळीस सेंटिमीटरचा असतो. दोन पैलवान एकमेकांत गुंतले की त्यांची डोकी, खांदे, पाय सहज मीटरभर खोलीत पसरतात. चाळीस सेंटिमीटरमध्ये एकाचा चेहरा येईल, दुसऱ्याचा येईलच असं नाही. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस जवळच्या चेहऱ्याला धरतो. मग वरच्या पैलवानाचे डोळे, दात, कपाळावरची शीर लख्ख आणि खाली दाबल्या गेलेल्याचं तोंड मऊ. सकाळी पेपरात ते चित्र पाहणाऱ्याला कुस्ती एकाच माणसाची वाटते. एफ/५.६ ठेवलं असतं तर थर दुप्पट होऊन दोघंही आले असते, पण दोन स्टॉप गेले असते. १/१००० चा शटर १/२५० वर आला असता आणि निर्णायक हिसक्याचा हात हलला असता. किंवा आयएसओ चौपट करून खरखर पत्करावी लागली असती.

फुकट काहीच मिळत नाही. वेग हवा तर खोली द्या, खोली हवी तर वेग द्या, दोन्ही हवं तर चित्राचा पोत द्या. निकालाच्या क्षणी हा प्रश्न आणखी टोकदार होतो. पाठ लागली की नाही यावर मैदानात वाद झाला की लोक फोटो मागतात. पण पातळ थराच्या चित्रात चेहरा स्पष्ट आणि खांदा मातीत विरघळलेला असेल, तर ते चित्र त्या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही, ते कितीही झळझळीत असो. अशा वेळी देखणेपणा बाजूला ठेवून भोक मिटवणारा, खरखरीत पण दोन्ही खांदे दाखवणारा फोटो काढणारा माणूस त्या मैदानाशी जास्त प्रामाणिक वागतो. हलगीवाला, पंच, कठड्यावर वाकलेले वस्ताद हे सगळं दाखवायचं तर त्यालाही हीच वाट. मागची गर्दी पुसली की खासबाग उरत नाही, कुठल्याही आखाड्यातला एक पैलवान उरतो. छायाचित्रण शिकवणाऱ्यांनी मागचं पुसणं हे कौशल्याचं लक्षण करून ठेवलंय, ते मला खटकतं.

गुलालाचा कण, गुलालाचं धुकं

वाडी रत्नागिरीवर जोतिबाच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत अडचण उलटी असते. ऊन टळटळीत, उजेड भरपूर. सासनकाठ्या नाचत असतात, गुलाल-खोबरं उधळलं जातं, डोंगर गुलाबी होतो. इथे १/२००० सहज मिळतो आणि म्हणून बहुतेक जण तोच घेतात. हवेतला गुलालाचा कण न्‌ कण टिपला जातो, खोबऱ्याचा तुकडा हवेत थिजतो. चित्र नेत्रदीपक येतं. पण काठी नाचत होती हे त्यात कुठेच दिसत नाही. उंच काठी वाकडी उभी केलेली असावी असं वाटतं, आणि ती तोलणाऱ्यांची तारांबळ दिसत नाही.

काठीचा डौल दाखवायचा तर शटर १/१५ च्या आसपास हवा. भर उन्हात हे सोपं नाही. शंभर आयएसओला एफ/१६ आणि १/१२५ ही जोडी धरली, तर १/१५ साठी आणखी तीन स्टॉप भोक मिटवायला हवं, म्हणजे एफ/४५. नेहमीच्या लेन्स एफ/२२ च्या पुढे सहसा जात नाहीत. शिवाय भोक इतकं बारीक झालं की त्याच्या कडांवर उजेड वाकून पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून लेन्सवर काळसर एनडी फिल्टर लावायचा किंवा उन्हं कलायची वाट पाहायची. फिल्टर लावला की गुलाल धुक्यासारखा वाहताना दिसतो, काठीच्या शेंड्याची कमान उमटते, आणि त्या गडबडीत स्थिर उभा असलेला एखादा म्हातारा भाविक तेवढा स्पष्ट राहतो. अशा चित्रांत फसलेली पुष्कळ निघतात, हे खरं. शंभरात दोन-चार जमतात.

यावर आक्षेप असा येतो की पुसट चित्र म्हणजे कलाकुसर, बातमीला स्वच्छ चित्रच हवं. मला तो पटत नाही. १/२००० सेकंदात काय घडलं ते कुणाही भाविकाच्या डोळ्यानं कधी पाहिलेलं नसतं. त्याला दिसतं ते वाहणं, झुलणं. गोठलेला कण विज्ञानाच्या अंगानं खरा आहे आणि वाहतं धुकं अनुभवाच्या अंगानं. दोन्ही बाजूंना जागा हवी. एकाच बाजूची शेकडो चित्रं दरवर्षी छापली जातात, म्हणून यात्रेची आपल्या मनातली प्रतिमाही गोठलेली झाली आहे.

किरण दिसावा म्हणून

अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ आणि जानेवारीच्या ३१ व फेब्रुवारीच्या १, २ या तारखांना मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून मूर्तीपर्यंत पोहोचतात. दोन हंगामांचं कारण आकाशात आहे. २१ डिसेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे सहा-सहा आठवड्यांवर या तारखा येतात, आणि दोन्ही वेळी सूर्य पश्चिमेपासून सुमारे अठरा अंश दक्षिणेला मावळतो. सूर्य खाली जातो तशी किरणं आडवी होत जातात आणि मूर्तीच्या चरणांवरून वर चढतात. सगळा सोहळा मोजक्या मिनिटांचा. वाटेतली बांधकामं, हवेतली धूळ आणि दमटपणा यांमुळे किरण किती वर पोहोचतो, किती क्षीण होतो, याची दर हंगामात चर्चा होते आणि जाणकार उजेड लक्समध्ये मोजतातही.

इथे शटर आणि अ‍ॅपर्चर यांच्यात झगडा जवळपास नाही. मूर्ती स्थिर आहे, किरण सावकाश सरकतो, कॅमेरा घट्ट बसवला तर अर्धा सेकंदही चालेल. अवघड आहे ते एकूण उजेड किती घ्यायचा हे. काळ्याभोर गाभाऱ्यात एक तांबूस पट्टा. कॅमेऱ्याचा मीटर सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, काळोख जास्त पाहून एक्स्पोजर वाढवतो, आणि किरण पांढरा फटक पडून जळून जातो. जे पाहायला हजारो लोक जमले तेच चित्रातून नाहीसं होतं. जाणता छायाचित्रकार मीटर दाखवतो त्यापेक्षा दोन-तीन स्टॉप कमी घेतो. काळोख काळोख राहतो, म्हणून किरण किरण राहतो.

फोन या ठिकाणी नेमका उलटा वागतो. तो पाठोपाठ अनेक चौकटी घेऊन त्यांची जुळणी करतो, गडद भाग उचलतो, उजळ भाग दाबतो. पडद्यावर सगळं छान दिसतं: मूर्ती, चांदीचं मखर, फुलं, भिंती. फक्त किरणोत्सव दिसत नाही. कुठल्याही संध्याकाळी दिव्याच्या उजेडात काढलेला फोटो असाच आला असता.

यंत्रानं केलेली निवड

फोनबद्दलचा आक्षेप इथून पुढे टाळता येत नाही. आता हे सगळं कशाला शिकायचं, फोन आपसूक करतो की, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, मुलांच्या खेळात, रंकाळ्यावरच्या तिन्हीसांजेला फोन जे देतो ते पंधरा वर्षांपूर्वी महागड्या कॅमेऱ्यालाही जड गेलं असतं. पण तो ते कसं देतो हे पाहायला हवं. काही मोजके अपवाद सोडले तर फोनच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर ठरलेलं असतं, भोक चारेक मिलिमीटरचं. सेन्सर लहान असल्यामुळे फोकसचा थर मुळात जाड येतो. मागचं धूसर करायचं तर ते गणितानं, कडा ओळखून, नंतर फासलं जातं. म्हणून केसांच्या बटा, नथीचे मोती, मुंडावळ्यांच्या सरी यांच्याशी ती धूसरता अडखळते. बाबूरावांकडे शटर ठरलेला होता आणि अ‍ॅपर्चर मोकळं. फोनवाल्याकडे अ‍ॅपर्चर ठरलेलं आहे आणि शटर यंत्राच्या ताब्यात. त्याच्याकडे एकही किल्ली उरत नाही, जोवर तो ‘प्रो’ मोडमध्ये जाऊन शटर स्वतःकडे घेत नाही.

हॉलमधल्या दिव्यांनी तर नवीच गुंतागुंत आणली आहे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही. शटर १/५० किंवा १/१०० ठेवला तर पुरी लुकलुक आत येते आणि उजेड सारखा पडतो. अक्षता उडताना गोठवाव्यात म्हणून १/१००० वर गेलं की चित्रावर काळे-उजळे आडवे पट्टे येतात. कारण शटर एकदम सगळं उघडत नाही, फट वरून खाली सरकते. फोनमध्ये तर फटही नसते. सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात आणि वरची ओळ व खालची ओळ यांत सेकंदाचा पन्नासावा-शंभरावा भाग निघून जातो. तेवढ्यात हलगीवाल्याची काडी पुढे गेलेली असते, म्हणून ती वाकलेली दिसते. ही नवलाई जुनीच आहे. फ्रान्सच्या लार्तिग या छायाचित्रकारानं १९१० च्या दशकात शर्यतीतल्या मोटारीचं चित्र काढलं, त्यात चाक तिरकं, लंबगोल झालं, तेही सरकत्या फटीमुळेच. आज ते चित्र वेगाचं प्रतीक मानलं जातं. रात्रीच्या कुस्त्या एलईडीच्या झोतात होऊ लागल्या आहेत; आयोजकांनी दिवे निवडताना लुकलुक न करणारे निवडले, तर कॅमेरेवाल्यांना शटरचा मोकळेपणा परत मिळेल. खर्च थोडा वाढतो, पण हजारो लोक तो सामना चित्रातूनच पाहणार असतात.

दुसरा आक्षेप आयएसओचा. नवे सेन्सर १२,८०० आयएसओवरही काम देतात आणि खरखर पुसणारी सॉफ्टवेअरं आली आहेत, म्हणजे टंचाई संपली, निवड संपली. टंचाई बरीच हटली हे मान्य. पण तालमीत एफ/८ आणि १/१००० दोन्ही मिळाले म्हणून प्रश्न सुटत नाही. उन्हात तर ते नेहमीच मिळत होते, आणि तरी जोतिबाच्या डोंगरावर काय दाखवायचं हे ठरवावंच लागतं. खरखर पुसणारं सॉफ्टवेअर मातीचा कणही पुसतं, कारण त्याला तांबडी माती आणि खरखर सारखीच दिसते. पैलवानाच्या पाठीवरची माती गुळगुळीत झालेले फोटो आता पावलोपावली दिसतात.

तिसरा आक्षेप जाणत्यांचा असतो: नजर महत्त्वाची, आकडे कुणी विचारत नाही. नजर महत्त्वाचीच. पण मागची गर्दी हवी की नको, हात थांबायला हवा की वाहायला, हे ठरवणं म्हणजेच नजर. कॅमेऱ्यात ते उतरवायला या दोन आकड्यांखेरीज दुसरी भाषा नाही.

एका गोष्टीकडे मात्र कोल्हापुरातल्या तालमींनी, मंडळांनी आणि वर्तमानपत्रांनी आताच लक्ष द्यायला हवं. डिजिटल फोटोच्या पोटात शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, वेळ ही सगळी नोंद आपोआप साठते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की तो आक्रसतो आणि ही नोंद गळून पडते. आज तालमींकडे असलेले बहुतेक फोटो असेच फिरत फिरत आलेले आहेत. पन्नास वर्षांनी एखाद्या निकालाचा वाद निघाला, किंवा कुणाला या काळातली कुस्ती अभ्यासायची झाली, तर खांदा का धूसर आहे, हात का वाकलेला आहे, माती का गुळगुळीत आहे हे सांगणारं काही उरणार नाही. काढणाऱ्याकडून मूळ फाइल मागून घ्यावी, ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावी किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि मैदानाचं नाव व तारीख घालून एका हार्डडिस्कवर ठेवावी. महिन्याकाठी एका पोरानं तासभर दिला तरी हे काम होण्यासारखं आहे.